सोलापुरात एवढ्या संस्था आहेत, मग बालमजुरीविरुद्ध सगळ्या मिळून एकच का होत नाहीत?

चाटीगल्ली

गड्ड्याच्या जत्रेच्या धाग्यावर पाळण्यापाशी राबणाऱ्या पोरांचा विषय निघाला आणि एकानं विचारलं, "बालमजुरीवर काम करणाऱ्या एवढ्या संस्था, प्रत्येकीचा वेगळा बोर्ड, वेगळं पावतीपुस्तक. सगळ्या मिळून एकच दांडगी संस्था का काढत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. तिथं उत्तर देत बसलो असतो तर गड्डा बाजूला राहिला असता, म्हणून हा वेगळा धागा.

मी पूर्व भागातल्या एका छोट्या संस्थेचे हिशेब बघतो. पगारी नाही, दुकान बंद केल्यावर जाऊन व्हाउचरं लावतो. त्यामुळं तत्त्वाच्या गोष्टी माझ्याकडं कमी, पण एक पोरगं कामावरून काढून शाळेत टिकवायला पैसा कुठं कुठं जातो ते कागदावर दिसतं. समजा बिहारकडचा बारा वर्षांचा मुलगा इथल्या एखाद्या बेकरीत सापडला. त्या दिवशीचा खर्च म्हणजे रिक्षा, जेवण, कपड्यांचा जोड, दवाखाना. बालगृहात असेतोवर समुपदेशक लागतो. मग त्याच्या गावी जाऊन घर खरंच आहे का, आईबाप कोण, त्यांनीच कुणाकडून उचल घेऊन पाठवलाय का, हे बघून येणारा माणूस लागतो. पोचवायला दोघांचं जाण्यायेण्याचं तिकीट. गावात शाळेत नाव घालायचं. आणि पुढं वर्षभर महिन्यातून एकदा तरी कुणीतरी त्या घरात डोकावायचं.

पहिल्या दिवसाला देणगीदार मिळतो. शेवटच्या ओळीला मिळत नाही. देणगीच्या करारात खर्चाची शीर्षकं ठरलेली असतात. 'सुटका' या शीर्षकातला रुपया वह्या-दप्तराला लावला की ऑडिटर लाल शाईनं गोल करतो. म्हणून एक संस्था धाडीला जाते, दुसरी ठेवून घेते, तिसरीचा माणूस त्या गावाकडं असतो, चौथी गणवेशाचं बघते. उद्या एकच संस्था केली तरी कामं चारच राहणार, आणि बिहारमधल्या त्या तालुक्यात ओळखीचा माणूस तरी कुठून आणणार? संस्था वेगळ्या असल्यानं काही बिघडत नाही. एकीनं दुसरीकडं पोरगं सोपवलं की नाही, तिनं ते खरंच घेतलं की नाही, हे कुणी विचारत नाही. बिघडतं ते तिथं.

होटगीरोडकर

लिहिलंय चांगलं, पण आम्हाला रस्त्यावर काय दिसतं ते सांगतो. १२ जून, बालमजुरीविरोधी दिन, आला की पार्क चौकात टोप्या, बॅनर, घोषणा. एका पोराभोवती आठ माणसं फोटोला उभी. १३ तारखेला टपरीवर बारक्या कप विसळतोच आहे. सगळ्या संस्था एकमेकींना 'सहयोगी' म्हणतात, आणि बातमीत आपलं नाव आधी आलं नाही की रुसतात. याला एकत्र काम म्हणायचं होय?

वकीलबाई_सातरस्ता

फोटोवरून आधी. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. अशा मुलाचं नाव, चेहरा, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी फोटो दिसला तर टाकणाऱ्याला हे कलम पाठवा.

चाटीगल्ली, तुमच्या लिहिण्यात एक दुरुस्ती. संस्थेला कुठल्याही कारखान्यात घुसून मूल बाहेर काढायचा अधिकार नाही. संस्था माहिती देते आणि सोबत जाते. काढतात ते कामगार खात्याचे अधिकारी आणि पोलीस. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल असतं, त्यात संस्थांचे प्रतिनिधी बसतात. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याच्याशी बोलणारा पोलीस शक्यतो साध्या कपड्यांत हवा, आणि २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर उभं करावं लागतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात निदान एक बाई. या पाचांना प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. मूल घरी जाणार की बालगृहात, हे ही समिती ठरवते. संस्थेचं खरं काम समितीपुढं सुरू होतं, कारण सामाजिक चौकशीचा अहवाल लिहायला माणूस लागतो आणि सरकारकडं माणूस नेहमीच कमी.

बारक्या १३ तारखेला परत दिसतो त्याचं कारण बहुतेक वेळा हा अहवालच असतो. नीट लिहिलेला नसला की "आई हजर, ताबा दिला" एवढ्यावर फाइल बंद. आईनं मालकाकडून घेतलेली उचल तशीच डोक्यावर असते. मग पोरगं दुसरीकडं कशाला जाईल? त्याच टपरीवर जातं.

शेंगाचटणी

भाबडा प्रश्न. फोन कुणाला करायचा? मुलांसाठीचा मदतीचा नंबर, १०९८, बंद झाला असं कुणीतरी म्हणालं होतं.

चाटीगल्ली

बंद नाही, हात बदलला. तो नंबर चालवणारी चाइल्डलाइन १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. ती देशभर पसरली ती स्वतःच्या शाखा काढून नाही. प्रत्येक शहरात तिथल्याच संस्थांना कामं वाटून दिली: एक नोडल, म्हणजे सगळ्यांचा मेळ घालणारी, एक फोन आला की धावणारी, बाकीच्या लागेल तशा मदतीला. नंबर एक, माणसं पन्नास ठिकाणची. या धाग्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

२०२३ पासून केंद्रानं ती मिशन वात्सल्य या बाल संरक्षणाच्या योजनेखाली घेतली आणि ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडली. आता राज्याचा महिला व बालविकास विभाग आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष बघतो. चांगलं झालं की वाईट, यावर आमच्याकडं दोन तट आहेत. सरकारी माणसाला अधिकार जास्त, हे खरं. पण आधीच्या पोरापोरींना कुठल्या गल्लीत कुठल्या मावशीला विचारायचं ते ठाऊक होतं, आणि ती ओळख आदेश काढून बदली होत नाही.

मागवाला

माझे थोडे माग आहेत अक्कलकोट रोडला. इथं सगळे आमच्याकडं बोट दाखवणार म्हणून आधीच बोलतो.

माझ्या खात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, पोरगं नाही. परदेशी गिऱ्हाईकाचा ऑडिटवाला येतो, हजेरी बघतो, आधार बघतो, आग विझवायचे सिलिंडर मोजतो आणि जातो. पण टॉवेलच्या कडा शिवायला माल बाहेर जॉबवर जातो. मोटरसायकलवर गठ्ठा संध्याकाळी गेला की सकाळी परत, मोजून, घड्या घालून. मधल्या रात्री कुणी शिवला ते ऑडिटवाल्याच्या कागदावर नसतं. मी विचारायला गेलो तर तो माणूस पुढच्या ऑर्डरला दुसऱ्याचा माल उचलतो. चादरीच्या दशा वळायला, कांड्या भरायला अजून काही घरांत बारकी बोटं लागतातच. आई काम करते, पोर शेजारी बसतं, हळूच हातभार लावतं. याला काय म्हणायचं?

आणि धाड पडली की सगळे घाबरून बारकी पोरं एकदम काढून टाकतात. ती पोरं जातात कुठं, हे कुठली संस्था सांगेल का?

जुळेसोलापूर

मागवाले दादा, तुमचा शेवटचा प्रश्न जगात एकदा फार महागात पडलाय. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बालमजुरीनं केलेला माल आयात करू नये असं विधेयक आलं, सिनेटर हार्किन यांचं. ते मंजूर व्हायच्या आधीच बांगलादेशातल्या कापड कारखानदारांनी भीतीनं हजारो पोरं, त्यातही बहुतेक मुली, रातोरात काढून टाकल्या. शाळा तयार नव्हत्या. बऱ्याच जणी खडी फोडायला, घरकामाला, काही त्याहून वाईट ठिकाणी गेल्या. मग १९९५ मध्ये तिथल्या कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी करार केला: नवी पोरं घ्यायची नाहीत, पण असलेल्यांना शाळेत जागा मिळेपर्यंत काढायचं नाही, शाळेत गेली की विद्यावेतन. शाळा चालवायला तिथल्या संस्था पुढं आल्या. आधी शाळा, मग काढणं, हा क्रम त्या अनुभवातून आला.

जॉबवर्कचं उत्तर गालिचेवाल्यांनी शोधलंय. १९९४ साली रगमार्क निघालं, आताचं गुडवीव्ह. भारतातल्या संस्था, निर्यातदार आणि जर्मनीतल्या संस्था मिळून. गालिच्यावर नंबर असलेलं लेबल, आणि तपासणीस न सांगता येणार, कारखान्यातच नाही तर घरच्या मागापर्यंत. परवान्याच्या पैशातून पोरांच्या शाळेचा खर्च. टॉवेलला असं काही करायचं तर एकट्या कारखानदाराला झेपणार नाही. कारखानदारांच्या संघटनेनं मनावर घ्यायला हवं.

वकीलबाई_सातरस्ता

"याला काय म्हणायचं" याचं उत्तर कायद्यात आहे, जरा गुंतागुंतीचं आहे. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखाली कुठल्याही कामाला बंदी. कुटुंबाच्या स्वतःच्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत केली तर चालते, पण तो धंदा धोकादायक यादीत नसावा आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ पोराला हात लावू द्यायचा नाही. आता सांगा, कारखानदाराचा गठ्ठा घरी आला म्हणून तो 'कुटुंबाचा धंदा' झाला का? माझ्या मते नाही. माल दुसऱ्याचा, भाव दुसऱ्याचा. पण याच फटीतून सगळे निसटतात, आणि ही फट ठेवायलाच नको होती असं माझं स्पष्ट मत आहे.

१४ ते १८ च्या पोरांना धोकादायक कामाला बंदी. बाकी ठिकाणी विश्रांती धरून दिवसाला सहा तास, रात्रपाळी नाही, ओव्हरटाइम नाही. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड किंवा दोन्ही. शिवाय एम. सी. मेहता खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दर मुलामागं मालकानं २०,००० रुपये पुनर्वसन निधीत भरायचे. हे २०,००० वसूल झाले का, हे संस्थांनी पाठपुरावा करून विचारायचं. फार थोड्या विचारतात. धाडीची बातमी होते, वसुलीची होत नाही.

सूपभर

बरीच वर्षं या संकेतस्थळावर नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहिते.

मी विडी घरकुलातली, विडी कामगारांच्या वसाहतीतली. आमच्यात 'कामाला' गेले असं कुणी म्हणालंच नाही, कारण मी कुठं गेलेच नाही. शाळेतून आले की आईच्या शेजारी बसायचं. आई पान कातरायची, तंबाखू घालून वळायची, मी लोखंडी पत्तीनं तोंड मुडपायची आणि दोरा गुंडाळायची. पंचवीसचं बंडल. सुपाच्या कडेला तंबाखूची भुकटी जमायची, तिनं रात्री डोळे चुरचुरायचे. हजार विड्या भरल्या की आई कारखान्यात जायची आणि तिथं छाट काढायचे. पान तांबडं, वळण सैल, काही ना काही. छाटलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. मग दुसऱ्या दिवशी जास्त वळायच्या, म्हणजे मी शाळेला उशिरा. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात १४ खालच्या पोरांना बंदी होती, पण ती कारखान्याच्या जागेत. आमचा कारखाना तर आमच्या दारात.

मला बाहेर काढायला धाड आली नाही. गल्लीत एक संस्था संध्याकाळचा वर्ग घ्यायची, तेलुगूतून समजावून मराठीतून लिहायला लावायची. तिथल्या अक्कांनी आईला विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज युनियनच्या माणसाकडून भरून दिला. दुसऱ्या एका संस्थेचा बायकांचा बचत गट होता, त्यातून आईनं कारखानदाराची उचल फेडली. या तिघांनी एकमेकांबरोबर कधी बैठक घेतली असेल असं मला वाटत नाही. आईच त्यांची बैठक. ती एकीकडून दुसरीकडं निरोप न्यायची.

होटगीरोडकर

ताई, दंडवत. माझा टोप्या-बॅनरचा राग कमी नाही झाला, पण वर लिहिलं ते रस्त्यावरूनच बघून लिहिलं होतं.

गुरुजी_दत्तनगर

सूपभर ताईंच्या वर्गात बसलेल्या कितीतरी मुली मी पुढं शाळेत शिकवल्या. दोन गोष्टी नोंदवतो.

एक, आमच्या हातात एक नियम आहे आणि तो कुणाला फारसा ठाऊक नाही. बालकामगार नियमांत २०१७ पासून असं आहे की मूल न कळवता सलग ३० दिवस गैरहजर राहिलं तर मुख्याध्यापकानं जिल्ह्याच्या नोडल अधिकाऱ्याला कळवायचं. कळवणारे किती? पटावरचं पोर घटलं की तुकडी धोक्यात, म्हणून हजेरीत 'हजर' लागतं. संस्थेची ताई गल्लीत विचारत येते तेव्हा आमच्याकडं सगळी पोरं शाळेत असतात.

दोन, राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प १९८८ पासून होता, आपल्या जिल्ह्यातही त्याच्या विशेष शाळा होत्या. जागा कुठली तरी, शिक्षक मानधनावर, चालवायच्या बहुधा संस्थाच. पोराला महिन्याला आधी १५० आणि २०१७ पासून ४०० रुपये विद्यावेतन. अडचणी होत्याच, मानधन उशिरा यायचं हा तर रोजचा विषय. पण मधली पायरी होती. प्रकल्प सरकारच्या समग्र शिक्षा योजनेत विलीन झाल्यावर ती पायरी कागदावर शाळेतच आली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं अकरा वर्षांच्या पोराला वयानुसार पाचवी-सहावीत बसवायचं आणि वेगळं शिकवून बरोबरीला आणायचं. बसवतो. वेगळं शिकवायला कोण? तिथं संस्थेची एखादी मुलगी रोज दोन तास आली तर पोर टिकतं, नाहीतर दिवाळीला गळतं.

आंध्र-तेलंगणात शांता सिन्हा यांच्या एम. व्ही. फाउंडेशननं नेमकं हेच केलं. शिबिरं घेऊन पोरांना काही महिन्यांत शाळेजोगं करायचं, आणि शाळेबाहेरचं प्रत्येक पोर बालमजूरच धरायचं. शेतात, घरात, कुठंही असो. त्यांना २००३ साली मॅगसेसे मिळालं. आपल्या पूर्व भागातल्या निम्म्या घरांचे पाहुणे तिकडचेच, भाषा तीच. त्यांच्याकडून शिकायला आपल्याला हैदराबादची एक गाडी पुरेल.

मंगळवेढेकर

सगळं शहराचं चाललंय. जगातली बालमजुरी ६१ टक्के शेतीत आहे, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफच्या २०२५ च्या अहवालात आहे. आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, उसाच्या फडात जाऊन बघा. नवरा-बायको मिळून ऊसतोडीचा एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर. सहा महिने पालात. थोरली पोरगी धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढे बांधते. मजुरी तिच्या नावावर नाही, म्हणून ती कुठल्याच यादीत नाही.

इथं संस्थांची जोडी लागते, एक गावाकडची आणि एक कारखान्याकडची. बीडकडची टोळी आपल्याकडं येते, आपल्या मंगळवेढा-सांगोल्याची माणसं कोल्हापूर-कर्नाटकाकडं जातात. दसऱ्याच्या आधी गावातली संस्था यादी करते: कोणाची पोरं आजीकडं राहतील, कोणाची हंगामी वसतिगृहात, कोणाची जाणारच. जाणाऱ्यांना शाळेचं शिक्षण हमी कार्ड द्यायचं आणि यादी तिकडच्या संस्थेला पाठवायची. ती टोळी उतरली की पालावर जाऊन जवळच्या शाळेत बसवते. कागदावर सोपं. प्रत्यक्षात मुकादम शेवटच्या दिवशी कारखाना बदलतो आणि यादी कोल्हापुरात, पोरं बेळगावात. तेव्हा कामी येतो तो एक फोन नंबर, दुसऱ्या जिल्ह्यातल्या ओळखीच्या कार्यकर्त्याचा.

शेंगाचटणी

म्हणजे नेटवर्क म्हणजे शेवटी फोन नंबरच म्हणा की.

चाटीगल्ली

निम्मं तेच. उरलेलं निम्मं वरच्या पातळीवर चालतं आणि त्याचा फायदा आपल्याला उशिरा दिसतो. १९९२ पासून देशात बालमजुरीविरोधी अभियान आहे, वेगवेगळ्या राज्यांतल्या संस्थांचं जाळं. १७ जानेवारी १९९८ ला मनिलाहून जागतिक पदयात्रा निघाली, कैलाश सत्यार्थी पुढं होते. जूनमध्ये ती जिनिव्हात पोचली आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं करार क्रमांक १८२ केला, बालमजुरीच्या सगळ्यात वाईट प्रकारांवर. भारतानं तो २०१७ साली मान्य केला, किमान वयाच्या १३८ क्रमांकाच्या करारासोबत. एकट्या संस्थेनं हे होत नाही.

आता एक आतली गोष्ट. संस्था एकमेकींना माहिती का देत नाहीत? कारण एकच पोरगं तीन अहवालांत मोजलेलं असतं. धाडीला गेलेली म्हणते आमचं, ठेवून घेतलेली म्हणते आमचं, शाळेत घातलेली म्हणते आमचं. यादी एकत्र केली की आकडा तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि देणगीदार विचारतो. म्हणून मी आमच्याकडं एक साधी वही सुचवलीय. नाव नाही, नुसता क्रमांक. काढलं कधी, आता कुणाकडं, पुढचा कोण, त्यानं 'घेतलं' म्हणून सही केली का. श्रेय तिघांनी वाटून घ्या, माझी ना नाही, पण 'पुढचा कोण' हा रकाना रिकामा राहता कामा नये. दोन संस्था तयार आहेत. तिसरी म्हणते वरून परवानगी आणावी लागेल.

मागवाला

त्या वहीत कारखानदाराचा रकाना ठेवा. ज्याच्या खात्यातून पोर निघालं त्याला सहा महिन्यांनी कळू द्या की ते शाळेत आहे का. मला तरी कळलेलं आवडेल. आणि जॉबवाल्यांशी बोलायचं तर सगळ्यांनी एकाच आठवड्यात बोलू, म्हणजे माल इकडून तिकडं पळणार नाही. संघटनेच्या बैठकीत विषय काढतो. शिव्या खाईन, पण काढतो.

वकीलबाई_सातरस्ता

वहीत मजुरीचाही रकाना घाला. थकलेली मजुरी मुलाची असते. ती अडकवून ठेवणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७९ खाली वेगळा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख दंड, आणि तो १८ वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना लागू. उचल देऊन अडकवलं असेल तर १९७६ चा वेठबिगारी कायदाही लागतो. मसुदा पाठवा, बघून देते.

होटगीरोडकर

बाळे गावाच्या पुढं एका ढाब्यावर एक पोरगं आहे, दहा-अकराचं. सकाळी सातलाही असतं, रात्री अकरालाही. मालकाशी भांडू का?

चाटीगल्ली

भांडू नका वो, रात्रीत दुसरीकडं हलवतील. फोटोही काढू नका. १०९८ ला फोन करा, ढाब्याची खूण, कुठल्या वेळी दिसतं, भाषा कुठली बोलतं एवढं सांगा. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि मला व्यनि (खासगी निरोप) करा. पुढं काय झालं ते चार दिवसांनी त्याच क्रमांकावर विचारता येतं.

गुरुजी_दत्तनगर

जाता जाता माझं एक काम. संध्याकाळच्या वर्गाला तेलुगू येणारं कोणीतरी हवंय, आठवड्यातले तीन दिवस, साडेसहा ते आठ. मानधन नाही, चहा मिळेल. अशोक चौकाच्या आसपास राहणारं असेल तर बरं.

सूपभर

गुरुजी, व्यनि केलाय. मंगळवार, गुरुवार जमेल. शनिवारी माझी पाळी असते.